ओळंबा, आज्ञावली आणि गुणवत्तेची हमी

कला शाखेतल्या एका विद्यार्थिनीने सॉफ्टवेअरवर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. मी काही संगणकशास्त्राची विद्यार्थिनी नाही आणि संगणकाची भाषाही मला लिहिता येत नाही. तरीही हा विषय निवडला, त्याला एक कारण घडले. ते आधी सांगते, म्हणजे पुढचे विवेचन समजायला सोपे जाईल.

गेल्या वर्षी शिष्यवृत्तीसाठी मी एक ऑनलाइन अर्ज भरला. माझे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ही तिन्ही इंग्रजी लिपीत लिहिली, की मधल्या मोकळ्या जागांसह ३४ अक्षरे होतात. पडद्यावरच्या चौकटीने ती सारी निमूटपणे स्वीकारली. अर्ज यशस्वीरीत्या सादर झाल्याचे हिरव्या अक्षरांत उमटले. मी पावती छापून घेतली, घडी घालून पिशवीत ठेवली आणि निश्चिंत झाले. पुढे शिष्यवृत्ती मंजूर झाली, पण पैसे खात्यात आलेच नाहीत. चौकशी केली तेव्हा कळले, की नोंदीत माझ्या नावाची पहिली ३० अक्षरेच उतरली होती. बँकेतले नाव आणि अर्जातले नाव जुळले नाही आणि रक्कम परत गेली. या कामासाठी दोनदा तालुक्याला जावे लागले. दोन्ही वेळा वडील बरोबर आले आणि दोन्ही दिवस त्यांच्या कामाचा खाडा झाला. खिडकीपलीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘‘कॉम्प्युटर चुकत नाही, ताई. तुमचं नावच मोठं आहे.’’

अखेर प्रतिज्ञापत्र वगैरे करून पैसे मिळाले. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. कॉम्प्युटर खरोखरच चुकत नाही का? दिवाळीच्या सुट्टीत माझी मामेबहीण घरी आली होती. ती पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत ‘टेस्टर’ आहे. मी तिला ती पावती दाखवली. तिने क्षणभर पाहिले आणि हसून म्हणाली, ‘‘यात तुझी काही चूक नाही गं. हे कुणी तपासलंच नाही.’’ त्या सुट्टीत मी तिला जे जे विचारले आणि नंतर जे वाचले, ते या लेखात मांडले आहे.

तपासणी आणि हमी

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांची मालिका. जुन्या पुस्तकांत तिला ‘आज्ञावली’ असा छान शब्द आहे. आज्ञावली माणसेच लिहितात, आणि माणूस म्हटला की चूक आलीच. अशा चुकीला या व्यवसायात ‘बग’, म्हणजे किडा, म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क टू’ या संगणकात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला. हा शब्द तेव्हापासून रूढ झाला, असे पुष्कळदा सांगतात. ते मात्र बरोबर नाही. यंत्रातल्या दोषाला बग म्हणण्याची पद्धत त्याही आधीची आहे. एडिसननेच १८७८ मधील एका पत्रात तो शब्द वापरलेला आहे.

हे किडे शोधण्याच्या कामाला ‘टेस्टिंग’ म्हणजे तपासणी म्हणतात. ‘क्वालिटी ॲशुरन्स’ किंवा गुणवत्तेची हमी ही त्याहून मोठी गोष्ट आहे. नवशिक्याला हे दोन्ही एकच वाटतात. मलाही तसेच वाटत होते. ताईने बराच वेळ समजावूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. शेवटी तो पडला, तो वडिलांच्या ओळंब्यामुळे.

माझे वडील गवंडीकाम करतात. भिंत बांधताना ते विटांचे दोन-तीन थर झाले, की ओळंबा सोडून पाहतात. थर सुतात आहे का, कोपरा गुण्यात आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढची वीट लावत नाहीत. भिंत छतापर्यंत नेऊन मग ओळंबा सोडला, तरी ती कललेली आहे की नाही हे कळेलच. पण तेव्हा कळून उपयोग काय? भिंत पाडावी लागेल, नाहीतर गिलावा जाड करून बाक झाकावा लागेल. पूर्ण झालेल्या भिंतीला ओळंबा लावणे ही तपासणी झाली. वाळू चाळून घेणे, विटा भिजवणे, थराथराला ओळंबा सोडणे, नंतर पाणी मारणे ही सारी शिस्त मिळून हमी होते. चूक झाल्यावर ती शोधणे हे तपासणीचे काम, आणि मुळात चूक होऊ नये, झालीच तर लवकर दिसावी, अशी कामाची रीत घालून देणे हे हमीचे काम. तपासणी हा हमीचा एक भाग आहे, सगळी हमी नव्हे.

आता हे माझ्या अर्जाला लावून पाहू. सॉफ्टवेअर साधारणतः पाच टप्प्यांनी तयार होते. ग्राहकाला काय हवे आहे ते प्रथम लिहून काढतात. मग आराखडा होतो. मग आज्ञा लिहिल्या जातात. मग वेगवेगळे भाग जोडले जातात. आणि शेवटी ते लोकांच्या हाती जाते. यातल्या पहिल्याच टप्प्यावर, संगणकाला हातही न लावता, एखाद्याने विचारायला हवे होते : ‘नाव जास्तीत जास्त किती लांब असू शकते? ते जास्त झाले तर काय करायचे?’ हा प्रश्न कागदावर विचारला असता, तर उत्तराला एक ओळ पुरली असती. तो तिथे विचारला गेला नाही, म्हणून त्याचे उत्तर शेवटी आम्हाला तालुक्याच्या खिडकीवर मिळाले.

दुसऱ्या टप्प्यावर आराखडा आणि तिसऱ्यावर आज्ञा दुसऱ्या कुणीतरी वाचून पाहायच्या असतात. याला ‘रिव्ह्यू’ म्हणतात. आपला निबंध आपणच कितीदा वाचला तरी ऱ्हस्वदीर्घ डोळ्यांतून निसटतात, मैत्रिणीला मात्र पहिल्याच ओळीत दिसतात. तशातलाच हा प्रकार.

त्यानंतर चाचण्यांची पायरी येते. एकेक लहान भाग सुटा तपासणे ही घटक-चाचणी. ते भाग एकमेकांना जोडल्यावर नीट चालतात का, हे पाहणे ही जोड-चाचणी. मग संपूर्ण प्रणालीची चाचणी, आणि शेवटी ज्याच्यासाठी ती केली त्याने स्वतः वापरून पाहण्याची स्वीकार-चाचणी. ताईच्या अंदाजाप्रमाणे माझे नाव जोडावरच कापले गेले. पडद्यावरची चौकट ३० हून अधिक अक्षरे घेत होती आणि आपल्यापुरती बरोबर होती. नावे साठवणारा कप्पा ३० अक्षरे ठेवत होता. त्याला तेवढीच ठेवायला सांगितले होते, म्हणून तोही आपल्यापुरता बरोबर होता. दोघांना एकत्र ठेवून कुणी पाहिले नव्हते.

आणखी एक चाचणी महत्त्वाची आहे. एक दोष दुरुस्त करताना दुसरीकडे नवा दोष निर्माण होऊ शकतो. स्लॅबची गळती एका जागी बुजवली की पाणी दुसऱ्या जागेवरून उतरते, हे आपण घराघरांत पाहतो. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर पूर्वी चालत असलेल्या गोष्टी पुन्हा तपासतात. याला ‘रिग्रेशन टेस्टिंग’ असे नाव आहे. तेच ते काम पुन्हा पुन्हा करायचे असल्याने आता पुष्कळ ठिकाणी ते संगणकाकडूनच करून घेतात.

सगळेच का तपासत नाहीत?

मी ताईला विचारले, ‘‘मग सगळीच नावं घालून का पाहत नाही तुम्ही?’’ तिने मला कागद-पेन्सिल दिली. इंग्रजी अक्षरे २६. दहा अक्षरांचे एकच नाव घेतले, तरी त्याच्या शक्य रचना सुमारे १ लाख ४१ हजार अब्ज होतात. दर सेकंदाला एक तपासली, तरी जवळजवळ ४५ लाख वर्षे लागतील. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६९ सालीच बजावले होते, की चाचणीने दोष आहेत हे दाखवता येते. दोष नाहीत हे कधीच दाखवता येत नाही. म्हणजे ‘हमी’ या शब्दाचा अर्थ आपण जरा जपूनच घ्यायला हवा.

मग थोडक्या चाचण्यांत जास्तीत जास्त दोष कसे गाठायचे? येथे या विद्येतली खरी गंमत आहे. पहिली युक्ती म्हणजे गट पाडणे. साधी नावे, एकच शब्द असलेली नावे, मध्ये टिंब किंवा जोडरेघ असलेली नावे, रिकामी चौकट, नावाऐवजी आकडे असे गट करायचे आणि प्रत्येक गटातले एक-दोन नमुने घ्यायचे. भाताचे शीत चाचपावे तसे. दुसरी युक्ती सीमेवर उभे राहण्याची. दोष बहुधा मधोमध नसतात, कडेला असतात. मर्यादा ३० ची असेल तर १२ अक्षरांचे नाव घालून फारसे काही कळत नाही. शून्य, १, २९, ३० आणि ३१ अक्षरांची नावे घालून पाहायची. ३१ अक्षरांचे एकच नाव कुणी घातले असते, तर माझा दोष त्याच दिवशी सापडला असता.

ग्लेनफोर्ड मायर्स यांच्या १९७९ सालच्या प्रसिद्ध पुस्तकात एक विचार मांडलेला आहे, तो मला फार आवडला. आज्ञावली बरोबर आहे हे सिद्ध करण्यासाठी तपासणी करायची नसते. तिच्यात चूक आहे असे धरून ती शोधण्यासाठी करायची असते. जिच्यात दोष सापडला ती चाचणी यशस्वी. आपण परीक्षेला बसणारे विद्यार्थी, त्यामुळे आपल्याला हे उलटेच वाटते.

दोष सापडला की तो लिहून कळवायचा, आणि हे लिहिणे हीसुद्धा एक कला आहे. ‘अर्ज चालत नाही’ हे दोषाचे वर्णन नव्हे. कोणत्या पायऱ्यांनी गेलो, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, या तीन गोष्टी अशा लिहायच्या, की अनोळखी माणसालाही तोच दोष आपल्या डोळ्यांनी पुन्हा पाहता यावा. जो दोष पुन्हा घडवून दाखवता येत नाही, त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

हा विश्वास न बसण्याचा परिणाम किती भयंकर असू शकतो, याचे जगप्रसिद्ध उदाहरण पुढे देते.

‘थेराक-२५’ची कथा

‘थेराक-२५’ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र कॅनडातील ‘ॲटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड’ या कंपनीने बनवले होते. अमेरिका आणि कॅनडा मिळून अशी ११ यंत्रे बसवली गेली. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात या यंत्रांनी सहा रुग्णांवर ठरवल्यापेक्षा प्रचंड प्रमाणात जास्त किरणांचा मारा केला. त्यांपैकी तिघे त्यामुळे दगावले.

या यंत्रात उपचाराचे दोन प्रकार होते. एकात इलेक्ट्रॉनांचा सौम्य झोत पसरवून रुग्णावर सोडत. दुसऱ्यात सुमारे शंभरपट तीव्र झोत आधी धातूच्या तुकड्यावर आदळवून त्यातून क्ष-किरण निर्माण करत. तीव्र झोत मधल्या आडोशाशिवाय सुटता कामा नये. कंपनीच्या आधीच्या यंत्रांत असे होऊ नये म्हणून यांत्रिक अडसर होते. नव्या यंत्रात ते काढून टाकले आणि सारा भरवसा सॉफ्टवेअरवर ठेवला. ते सॉफ्टवेअर मुख्यतः एकाच माणसाने लिहिले होते आणि त्याचे काही भाग जुन्या यंत्रांतून उचललेले होते. तोच दोष जुन्या ‘थेराक-२०’मध्येही होता; पण तिथे फ्यूज उडून यंत्र बंद पडे, म्हणून कुणाला इजा झाली नाही आणि कुणाला संशयही आला नाही.

२१ मार्च १९८६ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या टायलर गावच्या रुग्णालयात यंत्र चालवणाऱ्या बाईंनी चुकून क्ष-किरणांचे अक्षर टाइप केले. चूक लगेच लक्षात आली. त्यांनी भराभर वर जाऊन ते अक्षर बदलले आणि उपचार सुरू केला. यंत्र थांबले आणि पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढेच उमटले. त्याचा नीट अर्थ सांगणारे काही हाताशी नव्हते. यंत्र असे वरचेवर थांबत असे आणि एक कळ दाबली की पुढे चालत असे. त्यांनी सवयीने ती कळ दाबली. आतल्या रुग्णाला दुसऱ्यांदा तडाखा बसला. त्या दिवशी आतला आवाज ऐकण्याची सोय बिघडलेली होती आणि कॅमेराही जोडलेला नव्हता. तो रुग्ण पुढे पाच महिन्यांनी वारला.

कंपनीचे अभियंते आले. त्यांना दोष पुन्हा घडवता आला नाही. हे यंत्र इतका जास्त मारा करूच शकत नाही, असे सांगण्यात आले. ७ एप्रिलला यंत्र पुन्हा सुरू झाले आणि ११ एप्रिलला त्याच बाईंच्या हातून, तशाच दुरुस्तीनंतर, तेच घडले. त्या दुसऱ्या रुग्णाचाही मृत्यू झाला. या वेळी रुग्णालयातील भौतिकतज्ज्ञाने यंत्र बंद केले. तो आणि त्या बाई यंत्रापुढे बसले. नेमके काय आणि कसे टाइप केले, हे आठवून आठवून ती कृती त्यांनी पुन्हा पुन्हा केली. शेवटी त्यांना कळले, की यात वेगाला महत्त्व आहे. यंत्रातील चुंबके जागेवर यायला सुमारे आठ सेकंद लागत. तेवढ्या वेळात कुणी दुरुस्ती केली, तर ती सॉफ्टवेअरच्या एका भागाला कळे आणि दुसऱ्याला कळत नसे. रोज तेच काम करून ज्यांची बोटे सरावली होती, त्यांच्याच हातून हा दोष उघड होऊ शकत होता. कंपनीच्या अभियंत्यालाही भराभर टाइप करण्याचा सराव केल्यावरच तो दिसला.

जानेवारी १९८७ मधील शेवटचा अपघात वेगळ्याच दोषामुळे झाला. आज्ञावलीत एक लहानसा मोजणीचा कप्पा होता. त्यात शून्यापासून २५५ पर्यंतच आकडे मावत. पुढे तो पुन्हा शून्यावर येई. तो शून्यावर असताना एक आवश्यक तपासणी गाळली जाई, आणि नेमक्या त्याच क्षणी कळ दाबली गेली. हे वाचताना मला माझी तीस अक्षरे आठवली. तुलना करू नये, हे मला कळते. मला शिष्यवृत्तीसाठी खेटे घालावे लागले. तिथे माणसाचा जीव गेला. पण दोष एकाच जातीचा होता. सीमेवर काय होईल, हे कुणी विचारले नव्हते.

नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर या अभ्यासकांनी १९९३ साली या सर्व अपघातांचा सविस्तर शोधनिबंध प्रसिद्ध केला. एखाददुसरी चुकीची आज्ञा सुधारल्याने यंत्र सुरक्षित होत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. सॉफ्टवेअरवर अवाजवी विश्वास, अपुरी चाचणी आणि आलेल्या तक्रारींचा पाठपुरावा न करणे, ही कारणे त्यांनी पुढे आणली. म्हणजे जिथे हमी द्यायची, ती सारी कामाची रीतच कलली होती.

ही गोष्ट जुनी झाली, असे कोणी म्हणेल. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या कंपनीने सुरक्षेच्या सॉफ्टवेअरसाठी एक लहानशी सुधारणा जगभर एकाच वेळी पाठवली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्याकडच्या विमानतळांवरही त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. चौकशीत निघाले काय? सॉफ्टवेअरचा एक भाग २१ माहिती-घटकांची अपेक्षा करत होता आणि दुसरा २०च पुरवत होता. म्हणजे पुन्हा जोड, आणि पुन्हा सीमा. त्यानंतर अशा सुधारणा आधी थोड्या संगणकांवर आणि मग टप्प्याटप्प्याने पाठवण्याची पद्धत त्या कंपनीने स्वीकारली. हाही थराथराला ओळंबाच.

समारोप

या सगळ्यातून मला एक गोष्ट उमगली, ती सांगून लेख संपवते. गुणवत्तेची हमी हे तंत्र आहे खरे, पण त्याच्या मुळाशी एक वृत्ती आहे. आपण केलेली वस्तू चुकू शकते, हे आधीच मान्य करणे, आणि ‘मला असे असे झाले’ म्हणून कुणी सांगत आला, तर त्याचे खरे मानून शोध घेणे. टायलरच्या रुग्णाचे आधी कुणी खरे मानले नाही. नंतर दोन माणसांनी मानले, म्हणून दोष सापडला. ‘कॉम्प्युटर चुकत नाही’ हे वाक्य ज्या दिवशी उच्चारले जाते, त्या दिवशी हमीचे काम थांबते.

आपण कला शाखेचे विद्यार्थी भाषा शिकतो, माणसांचे स्वभाव वाचतो. ‘हे वाक्य कुणाला वेगळे कळेल का?’ असा प्रश्न विचारायची आपल्याला सवय असते. आज्ञा लिहिण्याचे शिक्षण आपल्याला नाही. पण मागणीचा कागद वाचून त्यातली संदिग्धता दाखवणे किंवा दोषाचे नेमके वर्णन लिहिणे आपल्याला निश्चित जमू शकेल.

ताईच्या सांगण्यावरून मी माझी तक्रार नव्याने लिहून पाठवली : पायऱ्या, अपेक्षा आणि प्रत्यक्षात घडलेले. उत्तर आले नाही. पण यंदा अर्ज भरायला बसले, तेव्हा नावाच्या चौकटीखाली लाल अक्षरांत एक नवी ओळ होती : ‘कमाल ३० अक्षरे’. म्हणजे नाव आता मुकाट्याने कापले जात नाही, आधी सांगितले जाते. माझे नाव मात्र अजूनही ३४ अक्षरांचेच आहे. वडिलांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘बाक दिसला एवढंच झालं. भिंत अजून सरळ करायचीय.’’ मी दुसरी तक्रार लिहून पाठवली आहे.